आल्फा की लॅम्डा: एका रोमन प्रांतिक नाण्याचं प्रकरण

नाणं आलं तेव्हा त्याच्यासोबत एक जुनी चिठ्ठी होती. पिवळी पडलेली, चौकोनी, आधीच्या कुठल्यातरी जर्मन संग्राहकाने शाईच्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलेली. मजकूर असा: मार्कियानोपोलिस, कॅराकल्ला आणि यूलिया डोम्ना, गव्हर्नर क्विंतिलियानूस, पाच असारिया. आणि खाली पेन्सिलीने, बहुतेक नंतर कधीतरी, 'आंतोनिनूस स्पष्ट'. कॅराकल्ला म्हणजे रोमन सम्राट, नाण्यावर त्याचं नाव आंतोनिनूस असतं, यूलिया डोम्ना त्याची आई, आणि असारिया हे तिथल्या ब्राँझच्या नाण्यांचं मोजमाप. मी म्युनिकमध्ये राहते, लिलावात हे नाणं ८५ युरोला मिळालं, आणि खरं सांगायचं तर नाण्याइतकीच मला ती चिठ्ठी हवी होती. मार्कियानोपोलिस आजच्या बल्गेरियात, आणि तिथून १९८९ नंतर प्राचीन नाण्यांचा नुसता पूर वाहिला, मेटल डिटेक्टर घेऊन लोकांनी शेतंच्या शेतं उकरली, आणि त्या भागातलं नाणं घेताना ते त्याआधीपासून कुठल्यातरी संग्रहात होतं याचा काहीतरी कागद असावा असा माझा नियम आहे. या चिठ्ठीसोबत १९७२ ची खरेदीची पावती होती, त्यामुळे मी निर्धास्त होते.

चिठ्ठीवरचं नाव चुकलंय हे मला तीन आठवड्यांनी कळलं. ते कसं कळलं आणि मग काय काय केलं, ते सगळं इथे लिहितेय, कारण प्रांतिक नाण्यांत पडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच: अर्धी अक्षरं गेलेली, वर कीट बसलेला, आणि खात्रीने कुणाचं नाणं म्हणायचं ते कळत नाही.

आधी थोडी ओळख. रोमन नाणं म्हटलं की आपल्याला सोन्याचांदीचं, लॅटिन अक्षरांचं नाणं आठवतं. पण साम्राज्याच्या पूर्व भागात शहरं आपापली ब्राँझची नाणी पाडायची, तीही बहुतेक ग्रीक अक्षरांत. अशी शहरं ६०० च्या वर होती. पुढे सम्राट किंवा त्याच्या घरातलं कुणी, मागे त्या शहराचा देव, देऊळ, नदी, वेशीचा दरवाजा, असं काहीही. इसवीसन पूर्व पहिल्या शतकात हे सुरू होतं आणि तिसऱ्या शतकाच्या शेवटी अलेक्झांड्रियाची टांकसाळ साम्राज्याच्या एकसारख्या नाण्यांकडे वळली तेव्हा संपतं. मला यात ओढलं ते याच गोष्टीने, की प्रत्येक गावाचा देव वेगळा आणि प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी, आणि सामान्य नोकरदार माणसालाही परवडतं.

मार्कियानोपोलिस म्हणजे आजचं बल्गेरियातलं देव्न्या, काळ्या समुद्रावरच्या वार्नापासून जवळच. सम्राट ट्राजनने डासियाच्या युद्धानंतर ते वसवलं आणि आपली बहीण उल्पिया मार्कियाना हिचं नाव दिलं. या गावाच्या मोठ्या नाण्यांची एक खूण आहे, ती एकदा बघितली की विसरत नाही: पुढच्या बाजूला दोन चेहरे, समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यांत बघणारे. आणि मागच्या बाजूला मोकळ्या जागेत एक ग्रीक एप्सिलॉन. ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे असतात, एप्सिलॉन म्हणजे पाच, म्हणून हे पाच असारियाचं नाणं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालासुद्धा बाजारात दोन तोंडं दिसली की मोठं नाणं आहे हे कळत असणार. आणखी एक सोय म्हणजे या प्रांतात, म्हणजे खालच्या मोएसियात, मागच्या बाजूला गव्हर्नरचं नाव असायचं. 'हुप अमुक, मार्कियानोपोलितोन', म्हणजे अमुक गव्हर्नरच्या अमलात, मार्कियानोपोलिसकरांचं. गव्हर्नर बदलत राहायचे, त्यामुळे नाव वाचता आलं की नाण्याचा काळ बराच नेमका सापडतो. वाचता आलं तर.

माझ्या नाण्याचं वजन १०.९४ ग्रॅम, व्यास साधारण २७ मिलिमीटर. मागे हिजिया उभी आहे, आरोग्याची देवता, हातातल्या सापाला वाटीतून खाऊ घालतेय. डावीकडे मोकळ्या जागेत एप्सिलॉन अगदी ठसठशीत. दोन्ही बाजूंना बरोबर मधोमध एकेक बारीक खळगा, तसा तो बऱ्याच प्रांतिक नाण्यांवर दिसतो, ठोकण्याआधी कोरी चकती घासून सारखी करताना तो पडायचा असं बहुतेक जण मानतात. खरंखोटं आधीच तपासलं होतं: कडेला ओतकामाची शिवण नाही, अक्षरांच्या कडा बुडबुड्यांनी मऊ झालेल्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे कुणी कोरणीने केस किंवा दाढी पुन्हा 'सुधारलेली' नाही. हे शेवटचं नीट बघावं. खोटी नाणी लोक ओळखतात, पण अस्सल नाण्यावर मागाहून केलेली कोरणी भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते, आणि तिथे मूळ पुरावाच कायमचा पुसलेला असतो.

नाण्याची अडचण दोन ठिकाणी होती. एक, ठोकताना ते थोडं डावीकडे सरकलंय, त्यामुळे मागच्या बाजूची सुरुवातीची काही अक्षरं चकतीच्या बाहेरच गेली आहेत. आणि दोन, मागेच, घड्याळात १० ते १२ वाजतात त्या भागात, मातीचा आणि हिरव्या क्षाराचा एक कडक ढेकूळ बसलेला. पुढच्या बाजूलाही उजव्या चेहऱ्याच्या मानेमागे असाच एक लहान ढेकूळ होता.

आणि सुरुवात त्या मानेपासूनच झाली. एका रविवारी सकाळी टेबललॅम्प जवळजवळ आडवा करून, म्हणजे उजेड बाजूने नाण्यावर घासून जाईल असा ठेवून, मी नुसतीच बघत बसले होते. समोरून दिवा टाकला की सगळं सपाट दिसतं, आडवा टाकला की अर्धा केस उंचीसुद्धा सावली पाडते. तर उजव्या चेहऱ्यामागे जो अंबाडा म्हणून मी तीन आठवडे बघत होते, तो अंबाडा नव्हताच, तो ढेकूळ होता. त्याच्या वर आणि खाली डोक्याची रेष सरळ उतरत होती, आखूड केसांची, उघड्या मानेची. यूलिया डोम्नाचे केस म्हणजे लाटालाटांचे, कानावरून मागे ओढलेले, जड, नाण्यावर ते एखाद्या टोपासारखे दिसतात. इथे तसलं काहीच नाही. गाल गोल, हनुवटी लहान. मुलगा होता तो.

समोरासमोर दोन चेहरे, एक दाढीवाला, एक मुलगा, मार्कियानोपोलिस, आंतोनिनूस. लगेच डोक्यात आलं: कॅराकल्लानंतरचा सम्राट माक्रिनूस आणि त्याचा मुलगा दियादुमेनियानूस, ज्यालाही आंतोनिनूस हे नाव दिलं होतं. पण लगेच डोक्यात आलेल्या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, कारण आपण एकदा ठरवलं की नाणं तेच दाखवायला लागतं.

मग मागची बाजू. माक्रिनूसच्या वेळचा तिथला गव्हर्नर पोंतियानूस. कॅराकल्ला आणि डोम्ना या जोडीच्या नाण्यांवर क्विंतिलियानूस. ग्रीकमध्ये नाण्यावर ही नावं 'पोंतियानू' आणि 'कुंतिलियानू' अशी येतात. आता हे लिहून बघा, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. पहिलं: पाय, ओमिक्रॉन, न्यू, टाऊ, योटा, आल्फा, न्यू, ओमिक्रॉन, उप्सिलॉन. दुसरं: काप्पा, उप्सिलॉन, न्यू, टाऊ, योटा, लॅम्डा, योटा, आल्फा, न्यू, ओमिक्रॉन, उप्सिलॉन. दोन्ही नावांत तिसरं, चौथं आणि पाचवं अक्षर तेच, न्यू-टाऊ-योटा. फरक पहिल्या दोन अक्षरांत, आणि ती माझ्या नाण्यावर चकतीबाहेर. दुसरा फरक सहाव्या अक्षरात: आल्फा की लॅम्डा. आणि आल्फा आणि लॅम्डा यांच्यात फरक तो केवढा, तर मधली एक आडवी रेघ. दोन्ही तंबूसारखेच. ठसा कोरणाऱ्याने ती रेघ कधी नीट कोरली, कधी नुसता टिंब दिला, कधी राहून गेली. माझ्या नाण्यावर त्या तंबूचा डावा पाय आणि शेंडा दिसत होता आणि तिथूनच ढेकूळ सुरू. त्या जुन्या संग्राहकाने लॅम्डा वाचला होता. त्याला दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही, त्याच्या जागी मीही तेच वाचलं असतं, कारण त्याने पुढच्या बाजूला आंतोनिनूस वाचलं होतं आणि आंतोनिनूस म्हणजे कॅराकल्ला हे कुणालाही सुचेल.

कॅराकल्ला हे टोपणनाव, एका झग्यावरून पडलेलं. नाण्यावर तो नेहमी आंतोनिनूस. पण ८ एप्रिल २१७ ला कॅर्हायच्या वाटेवर त्याचा खून झाला, आणि तीन दिवसांनी त्याच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख माक्रिनूस सम्राट झाला. सिनेटर नसताना सम्राट झालेला हा पहिलाच माणूस. सैनिकांचं कॅराकल्लावर प्रेम होतं, त्यांनी त्याला मनापासून मानलं होतं, आणि त्यांना आपलंसं करायचं म्हणून माक्रिनूसने आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सीझर तर केलंच, वर आंतोनिनूस हे नावही दिलं. म्हणजे ज्याच्या खुनामागे बापाचाच हात होता असं इतिहासकार लिहितात, त्याचं नाव मुलाच्या गळ्यात घातलं. चौदा महिने टिकलं सगळं. ८ जून २१८ ला अँटिओकजवळ माक्रिनूस हरला, वेष बदलून पळताना काल्केदोनला पकडला गेला आणि मारला गेला, मुलाला पार्थियाच्या दिशेने पाठवलं होतं, तो झ्यूग्माला सापडला आणि त्यालाही मारलं. त्यानंतर दोघांची नावं शिलालेखांवरून छिन्नीने खोडून काढली. मला या मुलाबद्दल फार वाईट वाटतं, आणि नाण्यांच्या बाबतीत एवढं भावुक होऊ नये असं क्लबमधले लोक म्हणतात, पण दगडावरून जे नाव खोडलं ते ब्राँझवर राहिलं आणि मग एका चिठ्ठीवर पुन्हा दुसऱ्याच माणसाचं म्हणून लिहिलं गेलं, हे मला सोसवेना.

तर पुढच्या बाजूच्या अक्षरांकडे वळू. इथे खरा पुरावा अक्षरांत नव्हता, अक्षरांच्या जागेत होता. कॅराकल्ला-डोम्ना या नाण्यांवर मजकूर असतो 'आंतोनिनोस आउगुस्तोस यूलिया डोम्ना', डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने. म्हणजे आंतोनिनोस डाव्या बाजूला, बापड्या कॅराकल्लाच्या पाठीमागे, आणि उजवीकडे डोम्नाचं नाव. माक्रिनूसच्या नाण्यांवर मजकूर लांबलचक: आउतोक्रातोर काइसार, म्हणजे सम्राट सीझर, हे थोडक्यात, मग बापाचं नाव, ओपेल, सेउ, माक्रेइनोस, मग मुलाचं, काप्पा म्हणजे काइसार, मू, ओपेल, आणि सगळ्यात शेवटी आंतोनेइनोस. म्हणजे तेच नाव, पण उजव्या बाजूला खाली, मुलाच्या मागे. मी दिवा चारी बाजूंनी फिरवून बघितला. आल्फा, न्यू, टाऊ, ओमेगा, न्यू, ही पाच अक्षरं स्पष्ट होती, त्या पेन्सिलच्या टिपेत म्हटलं तशीच, आणि ती घड्याळातल्या ४ च्या खाली, उजवीकडे होती. संग्राहकाने अक्षरं बरोबर वाचली होती. जागा बघितली नाही, बस.

इथे मला नाशिक आठवतं. मी तिथलीच. शाळेत असताना बाबा एकदा त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत घेऊन गेले होते, आणि तिथे जोगलथेंबीच्या नाण्यांबद्दल ऐकलं. नाशिकजवळ १९०६ मध्ये सापडलेला तो साठा, तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. नहपानाच्या नाण्यावर ब्राह्मी आणि खरोष्ठीसोबत ग्रीक अक्षरंही आहेत, मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रीक अक्षर बघितलं ते नाशिकच्या राजाच्या नाण्यावर. आणि वरचा ठसा आणि खालचा ठसा एकमेकांत मिसळलेले असताना खालचं कुठलं अक्षर कुठे उरलंय यावरूनच नहपान ओळखायचा असतो, हे तिथल्या एका सरांनी एवढ्या मनापासून समजावलं होतं की ते डोक्यात पक्कं बसलं. अक्षर काय आहे इतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. मार्कियानोपोलिसला तीच रीत चालते.

तरी मला अजून एक बाजू हवी होती. मी मागच्या बाजूचा फोटो मोठा करून कोनमापक लावला. ढेकळाच्या पुढे 'र्हो, काप्पा, योटा, आल्फा, न्यू, ओमिक्रॉन, पाय' असं नीट दिसतं, ते गावाचं नाव. या वाचता येणाऱ्या भागात एका अक्षराला सरासरी १२ अंश जागा जाते. त्या शंकेच्या अक्षरापासून र्होपर्यंत झाकलेली जागा ६६ अंश. पोंतियानू असेल तर मध्ये न्यू, ओमिक्रॉन, उप्सिलॉन आणि गावाच्या नावातली मू, आल्फा, म्हणजे पाच अक्षरं, ६० अंश. कुंतिलियानू असेल तर सात, ८४ अंश, योटा बारीक असतो म्हणून थोडं कमी धरा, तरी ७६-७८. ६६ ही पाचच्या जवळ आहे. पण या टांकसाळीत जोडाक्षरं फार, दोन अक्षरं एकच पाय वाटून घेतात, त्यामुळे सातची पाच व्हायला वेळ लागत नाही. म्हणून हा पुरावा मी वहीत लिहिला आणि पुढे 'कच्चा' असं लिहून ठेवलं.

मग ठसे जुळवायला बसले, आणि यात मात्र दोन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. एका पुढच्या ठशाने शेकडो-हजारो नाणी निघायची, आणि त्या एकाच ठशासोबत मागचे वेगवेगळे ठसे वापरले जायचे. म्हणजे माझ्या नाण्याच्या पुढच्या बाजूचा जुळा सापडला, आणि त्या जुळ्याच्या मागे गव्हर्नरचं नाव नीट वाचता आलं, तर काम झालं. बेहरेंट पिकचा १८९८ चा मोएसियाचा कॅटलॉग आधी चाळला, त्यात प्रकार सापडतात पण फोटो सगळ्यांचे नाहीत, मग ऑक्सफर्डच्या आरपीसी, म्हणजे रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज, प्रकल्पातले आणि जुन्या लिलावांतले फोटो एकेक करून बाजूला ठेवून बघितले. चेहरा चेहऱ्याशी जुळवत बसायचं नाही, त्यात डोळे फसतात. मी तीन जागा धरल्या: माक्रिनूसच्या पर्णमुकुटाच्या फितीचं टोक कुठल्या अक्षराखाली येतं, दोन्ही नाकांच्या शेंड्यांमधलं अंतर, आणि मुलाच्या कपाळासमोर एक बारीक तडा, ठशालाच गेलेला, जो नाण्यावर उंचवट्यासारखा उठतो. एकशे चाळीसच्या आसपास फोटो झाले आणि एका रात्री तो तडा दिसला. तोच, त्याच जागी, तसाच डावीकडे वळलेला, माझ्यापेक्षा थोडा लांब, म्हणजे ते नाणं माझ्यानंतर पडलं, ठसा आणखी फुटल्यावर. फीत जुळली, नाकं जुळली. त्याच्या मागच्या बाजूला हर्मीस हा ग्रीक देव उभा, हातात पैशाची थैली, आणि कडेने पूर्ण नाव: हुप पोंतियानू.

आता एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. ढेकूळ काढायचा मोह खूप होता, खोटं कशाला बोलू, एक सुई आणि दहा मिनिटं आणि तो आल्फा समोर आला असता. पण दीड हजार वर्षांहून जास्त जमिनीत राहिलेल्या नाण्याची हिरवी कातडी हीच त्याची मूळ पातळी असते, अक्षरं त्या कातडीतच असतात, खाली धातूत नसतात, आणि घाईने खरवडलं की ढेकळाबरोबर अक्षरही निघून जातं. ज्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडून मिळालंय त्याच्यासाठी पुरावा धोक्यात का घालायचा. मी निष्कर्ष लिहिला, तारीख घातली, आणि नाणं ठेवून दिलं. विकणाऱ्यांनाही कळवलं, त्यांनी आपल्या नोंदीत दुरुस्ती केली. किमतीत फरक काही पडत नाही, माक्रिनूस आणि मुलगा ही जोडी कॅराकल्ला-डोम्नापेक्षा दुर्मिळ वगैरे नाही, उलट चौदा महिन्यांच्या मानाने त्यांची नाणी तिथे भरपूर पडली.

मग ऑगस्टमध्ये, दमट उकाड्याचे दिवस होते, डबी उघडली तर ढेकळाच्या कडेला फिक्कट पोपटी ठिपका. लाकडी काडीने हलकेच टोकलं तर पिठासारखा निघाला, आणि खाली छोटा खड्डा. ज्यांना माहीत आहे त्यांच्या पोटात गोळा येतो हे बघून. हा ब्राँझ डिसीज. घट्ट, गडद, गुळगुळीत हिरवा थर असतो तो चांगला, तो नाण्याला सांभाळतो. पण जमिनीतल्या मिठामुळे धातूच्या आत तांब्याचं क्लोराइड तयार झालेलं असतं, त्याला दमट हवा लागली की त्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल नवीन तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि हे चक्र ओलावा आहे तोवर थांबतच नाही.

आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं मग चिंच लाव ना थोडी, नाहीतर पितांबरी, लख्ख होईल." आपल्याकडे तांब्यापितळेचं भांडं असंच घासतात आणि त्यात चूक काहीच नाही, भांड्याला चकाकीच हवी असते. मी म्हटलं, "आई, याची चकाकी गेली तर अक्षरंही जातील गं." ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं झालंय का हे?" मला इतकं बरं वाटलं तो शब्द ऐकून. कळकलंय, अगदी तेच. आंबट लागलं की तांबं हिरवं होऊन सुटतं, फक्त इथे आंबट बाहेरून आलेलं नाही, आतूनच सुटतंय.

आता मात्र हात लावणं भाग होतं, कारण ठिपका ढेकळाखाली शिरत होता आणि वर झाकण ठेवून खालची आग विझत नाही. क्लबमधल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारलं, ते चाळीस वर्षं हेच करताहेत. ते म्हणाले, "फक्त रोग जिथे जातोय तिथपर्यंत जा, वाचायच्या लोभाने एक मिलिमीटरही पुढे जाऊ नका." त्यांच्याकडच्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, दहापट मोठं करून, गुलाबाच्या काट्याने काम केलं. गुलाबाचा काटा यासाठी फार छान, तो मातीपेक्षा टणक आणि हिरव्या कातडीपेक्षा मऊ, चुकून घसरला तरी ओरखडा सहसा उठत नाही, आणि बोथट झाला की दुसरा घ्यायचा. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये चार दिवस भिजवून ढेकूळ मऊ केला. मग एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, कारण नंतर हात जड होतो. चार शनिवार लागले.

दुसऱ्या शनिवारी तंबूचा उजवा पाय दिसला. मग मधे, पायांच्या बरोबर अर्ध्यावर, रेघ नाही तर एक ठाशीव टिंब. कोरणाऱ्याने आडव्या रेघेऐवजी टोचणीचा एकच ठोका मारला होता. आल्फा. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि परत येऊन पुन्हा बघितलं, टिंब तिथेच होतं. त्या गृहस्थांनीही बघितलं, काही बोलले नाहीत, नुसती माझी पाठ थोपटली.

पण बाकीचं दिसल्यावर माझा अंशांचा हिशेब मात्र उघडा पडला. झाकलेल्या जागेत पाच अक्षरं होती खरी, पण मू आणि आल्फा जोडलेले, मूचा शेवटचा पाय तोच आल्फाचा पहिला. आणि वाचलेली जागा भरून काढायला हिजियाचं डोकं मजकुराच्या रेषेत घुसलेलं, तिथे अक्षरंच नाहीत. म्हणजे ६६ अंश हा आकडा दोन चुका एकमेकींत वजा होऊन आला होता. कुंतिलियानूसुद्धा दोन जोडाक्षरांनी तेवढ्याच जागेत बसू शकला असता. वहीत 'कच्चा' लिहून ठेवलं होतं ते बरं झालं, आता तिथे लाल शाईने कारणही लिहिलंय, आणि यापुढे देवतेचं डोकं किंवा हात मजकुरात घुसतोय का हे बघितल्याशिवाय मी अंश मोजणार नाही.

रोगाचा खड्डा न्यू आणि ओमिक्रॉनच्या मध्ये निघाला, अक्षरं वाचली. तो साफ करून नाणं अडीच महिने डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, सुरुवातीला रोज पाणी बदललं, नंतर आठवड्याला. अल्कोहोलमध्ये बुडवून पाणी काढलं, मंद उष्णतेवर वाळवलं, आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. आता ते हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत असतं, आत आर्द्रता मोजायचा छोटा मीटर आहे, तो ४० टक्क्यांच्या खाली ठेवते. पीव्हीसीची मऊ प्लॅस्टिकची पाकिटं मी पूर्वी वापरायची, ती सगळी टाकून दिली, त्यातून सुटणारा चिकट थर ब्राँझला तसाच खातो. सहा महिने झाले, पोपटी ठिपका परत आलेला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला भिंगातून बघते. पुढच्या बाजूचा, मुलाच्या मानेमागचा ढेकूळ तसाच आहे. तिथे रोग नाही, म्हणून काढलेला नाही.

जुनी चिठ्ठी नाण्यासोबतच ठेवली आहे, तिच्यावर काहीही खोडलेलं नाही, ती त्या माणसाची आहे आणि त्याच्याशिवाय हे नाणं १९७२ मध्ये कुठे होतं हे कुणालाच कळलं नसतं. शेजारी माझी नवीन चिठ्ठी: मार्कियानोपोलिस, माक्रिनूस आणि दियादुमेनियानूस, २१७ ते २१८, गव्हर्नर पोंतियानूस, हिजिया, पाच असारिया. पुढचा ठसा हर्मीसच्या नाण्याशी जुळतो. सहावं अक्षर आल्फा, आडव्या रेघेऐवजी टिंब, साफ केल्यावर दिसलं. वजन आधी १०.९४, आता १०.८६.